लिहून काढलेलं चित्र

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. साताऱ्याच्या एका हायस्कुलात त्यानं ३४ वर्षं गणित शिकवलं. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना प्रमेयं आठवत नसतात, पण सरांनी फळ्यावर काढलेला घन हटकून आठवतो. हातात पट्टी नाही, आधी टिंबं टाकणं नाही. सरळ बारा रेघा. त्यातल्या नऊ सलग, कारण त्या दिसतात. तीन तुटक, कारण त्या पलीकडे असतात. शेवटची रेघ पुरी झाली की तो वर्गाकडे वळून विचारायचा, ‘‘या तीन तुटक का?’’ नुसतं ‘दिसत नाहीत म्हणून’ एवढं उत्तर त्याला चालत नसे. ‘‘कुठून दिसत नाहीत?’’ हा त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे.

पाच वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात कापू लागला. घरातल्या सर्वांना ते चहाची बशी वाजू लागल्यावर कळलं. मी बँकेतला माणूस, मला ते आधी त्याच्या सहीत दिसलं. पेन्शनच्या खात्याच्या चेकवरची त्याची सही महिन्यागणिक आखडत, बारीक होत चालली होती. काउंटरवर बसलेल्या माणसाला नमुन्याची सही आणि चेकवरची सही ताडून पाहायची सवय लागते. ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात. अक्षर बारीक होत जाणं हेही त्याचंच लक्षण, असं ते म्हणाले.

दादानं आजाराबद्दल फारशी कुरकुर केली नाही. त्याचं दुःख वेगळं होतं. निवृत्त झाल्यापासून तो मुलांसाठी घनाकृतींची एक वही लिहीत होता: घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल, शंकूछेद. मजकूर लिहून झाला होता. आकृत्या मात्र ‘हात मोकळा झाला की काढू’ म्हणून मागे ठेवल्या होत्या. शंभरावर आकृत्या होत्या, आणि आता हातच राहिला नव्हता.

आम्ही एका डीटीपी करणाऱ्या तरुणाला गाठलं. मुलगा कष्टाळू होता, माऊसनं त्यानं भराभर आकृत्या काढून आणल्या. दादानं पहिलाच शंकू पाहिला आणि कागद बाजूला ठेवला. शंकूचा तळ दोन कमानी जोडून काढला होता. दोन्ही बाजूंना टोकं आलेली, लिंबासारखी. ‘‘वर्तुळ तिरकं पाहिलं तर लंबवर्तुळ दिसतं,’’ दादा म्हणाला. ‘‘त्याला टोक येईल कुठून? आणि या दोन तिरक्या कडा लंबवर्तुळाच्या अगदी रुंद जागी टेकवल्यात. तशा त्या टेकत नाहीत. त्या स्पर्शिका असतात, किंचित वरच्या बाजूला टेकतात. मुलांना चुकीचं बघायला शिकवायचं का?’’

फरक दोन मिलिमीटरचा असेल. पण ज्या घरात दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत लेजरं पालथी घालणारा माणूस वाढला, त्या घरात दोन मिलिमीटरला किंमत असणारच.

मार्ग दाखवला तो दादाच्या नातीनं. ती पुण्यात गणितात एम.एस्सी. करते. सुट्टीत आली होती. दोन दिवस तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही आकृत्या काढूच नका. तुम्ही त्या लिहा.’’

खिळे, शाई आणि चेक

चित्र लिहायचं म्हणजे काय, हे कळायला जरा मागे जावं लागेल.

माझी पहिली कथा छापून आली तेव्हा मराठी छापखान्यांत खिळे जुळवले जात. मजकुरात आकृती असली की तिचा जस्ताचा ब्लॉक वेगळा करायला टाकावा लागे, आणि ब्लॉकचा खर्च ऐकून पुष्कळ आकृत्या पुस्तकातून परस्पर गळून जात. पुढे जगभर खिळे गेले आणि फोटोवरून अक्षरजुळणी आली. तिनं कामाचा वेग वाढला, पण देखणेपण सगळीकडे टिकलं नाही.

डोनाल्ड कनूथ या अमेरिकन प्राध्यापकाला हे फार लागलं. संगणकशास्त्रावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली धातूच्या जुळणीनं सुरेख छापला गेला होता. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्या हातात आली ती नव्या पद्धतीची, आणि ती त्यांना बघवेनात. त्याच सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की छापील पान म्हणजे अखेर बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यावर शाई आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. आणि एक-शून्याचं काम तर आपलंच! त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. सुट्टीच्या वर्षात, म्हणजे १९७८ पर्यंत, काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याला अखेरचं रूप यायला १९८९ उजाडलं. प्रोग्रामचं नाव ‘टेक’. कला आणि कारागिरी या दोन्हींना असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं. त्यांनी तो सर्वांना फुकट दिला.

माझ्यासारख्याला आवडावी अशी या गृहस्थांची एक गोष्ट सांगतो. आपल्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. संगणकाच्या सोळाच्या पाढ्यात २५६ सेंट म्हणजे ‘एक डॉलर’, म्हणून ही रक्कम. पुष्कळांनी ते चेक वटवलेच नाहीत, चौकटीत घालून भिंतीवर लावले. कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात असा चेक म्हणजे डोकेदुखीच. पण पुढे अशा चेकांवरच्या खातेक्रमांकांचा गैरवापर होऊ लागला, तेव्हा २००८ साली कनूथ यांनी खरे चेक देणं थांबवलं आणि एका काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक बँकेची ठेवपावती द्यायला सुरुवात केली. मी ३५ वर्षं ठेवपावत्यांवर सह्या केल्या. पैसे न मिळताही लोकांना इतका आनंद देणारी पावती माझ्या हातून एकही गेली नाही.

टेकची रीत अशी की पान डोळ्यांसमोर ढकलत-सरकवत बसायचं नाही. काय हवं ते साध्या मजकुरात लिहायचं: इथे शीर्षक, इथे अपूर्णांक, इथे वर्गमूळ. प्रोग्राम तो मजकूर वाचतो आणि पान जुळवून देतो. लेस्ली लॅम्पर्ट यांनी १९८० च्या दशकात त्यावर ‘लाटेक’ उभारलं आणि ही रीत गणिताच्या जगात घराघरांत पोचली. लाटेकमध्ये चित्रांचीही सोय होती, पण गमतीदार. रेघा ठरावीक उतारांच्याच मिळायच्या; एकापासून सहापर्यंतच्या अंकांच्या गुणोत्तरात बसेल तोच उतार. कारण तिरकी रेघही अक्षरांसारख्या छोट्या तुकड्यांची जुळवलेली असे. म्हणजे पुन्हा खिळेच!

हे बंधन पुढे सुटत गेलं. १९८४ साली आलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेत रेघ कुठून कुठे, हे छपाईयंत्राला थेट सांगता येऊ लागलं. तिच्या आधारानं टेकवाल्यांनी चित्रं लिहिण्याची साधनं रचली. त्यातलं आज सर्वांत प्रसिद्ध असलेलं ‘टिक्झ’ टिल टांटाऊ या जर्मन प्राध्यापकानं केलं. त्याचं नाव एका जर्मन वाक्याची आद्याक्षरं घेऊन बनलंय, आणि त्या वाक्याचा अर्थ आहे, ‘टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नव्हे’. हे ऐकून दादा मनापासून हसला. चित्र काढू न शकणाऱ्या माणसाला चित्र काढायचा नसलेला प्रोग्राम मिळाला होता.

भिंतीतलं नेढं

सुरुवात घनापासून झाली. नातीनं की-बोर्डची एक सोय चालू करून दिली; बोट कापून एकच कळ भराभर तीनदा दाबली गेली तरी यंत्र ती एकदाच धरतं. दादा एका बोटानं, मिनिटाला चार-पाच अक्षरं, या वेगानं लिहू लागला. पहिला कोपरा (०,०,०), दुसरा (४,०,०), तिसरा (४,४,०). आठ कोपऱ्यांचे निर्देशक. मग इथून तिथवर रेघ, अर्धविराम. तिथून पलीकडे तुटक रेघ, अर्धविराम.

एक अर्धविराम राहिला आणि सगळं अडलं. पडद्यावर इंग्रजीत तक्रारींची रांग लागली. दुपारभर आम्ही दोघं म्हातारे ओळीमागून ओळ बोट ठेवून तपासत होतो. मला आमच्या शाखेतले १९८० च्या दशकातले दिवस आठवले. ट्रायल बॅलन्स जुळत नसे आणि एक व्हाउचर कुठल्या तरी ड्रॉवरमागे पडलेलं सापडे. अर्धविराम सापडला. दादानं तो घातला, आणि पडद्यावर घन उभा राहिला. बारा रेघा, नऊ सलग, तीन तुटक. दादाचा हात टेबलावर कापत होता. रेघ मात्र कापत नव्हती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘चहा टाकते.’’

दुसऱ्या दिवशी दादाचं समाधान ओसरलं होतं. ‘‘हे खरं चित्र नाही,’’ तो म्हणाला. ‘‘यात मागच्या कडा पुढच्यांइतक्याच लांब आहेत.’’ ते बरोबर होतं. टिक्झचा मूळ स्वभाव पाठ्यपुस्तकातल्या आकृतीचा: पाहणाऱ्याच्या दिशेनं एक सेंटिमीटर यायचं असेल तर कागदावर ३.८५ मिलिमीटर डावीकडे आणि तेवढंच खाली सरकायचं. सर्व समांतर रेघा समांतरच राहतात. मोजायला हे सोयीचं. पण डोळ्याला जग असं दिसत नाही. एस.टी.च्या रस्त्याच्या दोन कडा लांबवर एका टिंबात मिळतात, हे आपण सगळेच लहानपणापासून पाहतो. चित्रकलेच्या वर्गात याला यथार्थदर्शन म्हणतात आणि त्या टिंबाला लोपबिंदू.

याचा हिशेब पंधराव्या शतकात इटलीत लागला. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र काढून, त्याला भोक पाडून, आरशातून ते लोकांना दाखवलं; भोकाला डोळा लावणाऱ्याला खरी इमारत आणि चित्र यांचा मेळ बसलेला दिसे. पुढे अल्बेर्तीनं १४३५ साली नियम लिहून ठेवला. चित्र म्हणजे एक उघडी खिडकी समजा, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे दहावीच्या समरूप त्रिकोणांवरून कळतं. समजा, डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर काच आहे आणि १२ मीटरवर सहा मीटर उंचीचा विजेचा खांब. काचेवर तो २५ सेंटिमीटरचा दिसेल. तोच खांब २४ मीटरवर असेल तर साडेबारा, आणि ४८ मीटरवर सव्वासहा. अंतर दुप्पट, उंची निम्मी. एका भागाकारात सगळं यथार्थदर्शन आलं.

जर्मन चित्रकार ड्यूररनं १५२५ सालच्या आपल्या पुस्तकात हा भागाकार करणारं एक यंत्रच चितारलं आहे. भिंतीत मोठ्या नेढ्याची सुई ठोकायची आणि ते नेढं म्हणजे डोळा मानायचं. त्यातून ओवलेल्या दोऱ्याचं एक टोक टेबलावरच्या वीणेसारख्या वाद्यावर एक माणूस ठिकठिकाणी टेकवतो. मध्ये एक चौकट उभी असते. दोरा चौकटीतून जिथे जाईल ती जागा दुसरा माणूस टिपून घेतो. बिंदूमागून बिंदू, वाद्य कागदावर उतरत जातं. दादानं ते चित्र नातीच्या फोनवर मोठं करून कितीतरी वेळ पाहिलं. ‘‘संगणक आत हेच करतो ना?’’ त्यानं विचारलं. ‘‘हेच, आजोबा. फक्त दोरा लवकर ओढतो.’’

टिक्झमध्ये गेल्या काही वर्षांत यथार्थदर्शनाची एक जोडणी आली आहे. लोपबिंदू कुठे, तेवढं आपण लिहायचं. बाकीचे भागाकार तिनं करायचे. दादानं पहिल्या खेपेला लोपबिंदू घनाच्या फार जवळ ठेवला. घनाची पार पाचर झाली. नातीनं सुचवलं, लांब न्या. तो लांब नेऊ लागला तसतशी पाचर पुन्हा घनासारखी दिसू लागली. आणि फारच लांब नेल्यावर कडा जवळजवळ समांतर होऊन पाठ्यपुस्तकातली जुनी आकृती परत आली. ‘‘म्हणजे पाठ्यपुस्तकातला घन अनंतावरून पाहिलेला आहे,’’ दादा म्हणाला. ३४ वर्षं त्यानं तोच घन फळ्यावर काढला होता, पण ‘कुठून?’ या स्वतःच्याच प्रश्नाचं हे उत्तर त्याला वयाच्या पंच्याहत्तरीत मिळत होतं.

मागचं आधी, पुढचं नंतर

लिहिण्याचे तोटेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. साधी चौकट काढायला माऊसला दहा सेकंद लागतात, आम्हाला दहा मिनिटं. टिक्झची माहितीपुस्तिका तेराशे पानांहून मोठी आहे. आणि टिक्झला खोली कळत नाही. तुम्ही ज्या क्रमानं लिहाल त्या क्रमानं तो कागदावर थर चढवतो. दादानं डब्याची पुढची बाजू आधी रंगवली आणि मागची नंतर. मागची बाजू पुढचीवर येऊन बसली. तेव्हा मागचं आधी आणि पुढचं नंतर लिहायचं. नाटकात पडदा आधी, मग भिंती, मग खुर्च्या, तसं.

यातही एक पेच आहे. पुठ्ठ्याचा खोका बंद करताना आपण चार पाखं एकमेकांत अडकवतो: पहिलं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर, आणि चौथं पुन्हा पहिल्यावर. यातलं कुठलं आधी लिहायचं? कुठलंही लिहा, चुकतंच. उपाय एकच, एका पाखाचे दोन तुकडे कल्पून एक आधी आणि एक नंतर लिहायचं. दादाला हा पेच इतका आवडला, की वहीत त्यानं त्यावर एक कोडं घातलं.

आकृतीवर मराठी अक्षरं हवी होती. शिरोबिंदू, तिरकस उंची, त्रिज्या. एके काळी हे सोपं नव्हतं. टेक घडला तो रोमन लिपीसाठी. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्याच्या हिशेबात नव्हत्या. नेदरलँड्सच्या फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी देवनागरीसाठी पहिली चांगली वाट काढली, पण तिच्यात मजकूर रोमन अक्षरांत लिहून तो आधी एका चाळणीतून काढावा लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांचा ‘झीटेक’ आला आणि देवनागरीत लिहिलेलं तसंच्या तसं छापलं जाऊ लागलं. आता ‘त्रिज्या’ हा शब्द आकृतीच्या शेजारी जोडाक्षरांसकट नीट उभा राहतो.

पण या रीतीचा खरा फायदा मला वेगळाच दिसला. माऊसनं काढलेल्या चित्रात रेघ असते, ती तिथे का आहे हे कुठेच नसतं. लिहिलेल्या चित्रात कारणही लिहिता येतं. टक्क्याची खूण टाकली की त्या ओळीतला पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही, तो माणसांसाठी. दादा प्रत्येक रेघेपुढे टक्का टाकून लिहू लागला: ‘ही तुटक, कारण पाहणारा उजवीकडे वर उभा आहे.’ ‘ही स्पर्शिका, टोकाला टेकवू नये.’ भूमितीच्या सिद्धतेत डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण, असं त्यानं पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून लिहून घेतलं होतं. आमच्या बँकेतही नुसती रक्कम कुणी मान्य करत नसे. व्हाउचरवर कशापोटी, ते लिहावं लागे. पुढच्या माणसाला तपासता यावं, यासाठीच ना हे सगळं?

पाच खणांची ओसरी

वही गेल्या वर्षी पुरी झाली. शंभरावर आकृत्या, एका बोटानं लिहिलेल्या. त्यानंतर दादाला करमेना. एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘‘आपल्या गावच्या घराची ओसरी लिहू या.’’

वाईजवळचं आमचं घर वाटण्या झाल्यावर १९९४ साली उतरवलं. ओसरीचा एकही फोटो कुणाकडे नाही. जे आहे ते आम्हा भावंडांच्या डोक्यात.

यासाठी नातीनं ‘असिम्प्टोट’ नावाचं दुसरं साधन दिलं. हे २००४ साली कॅनडात घडलं. नावाचा अर्थ अनंतस्पर्शी रेषा. हेही मजकुरानंच चालतं, पण याला खोली कळते, कशाच्या आड काय जातं ते हे स्वतः ठरवतं. तुम्ही वस्तू कुठे आहेत ते लिहायचं, आणि डोळा कुठे आहे, नजर कुठे लागली आहे, तेही लिहायचं. डोळ्याची जागा लिहिल्याशिवाय यथार्थदर्शन पुरं होत नाही.

पहिल्याच ओळीला वाद झाला. दादा म्हणे ओसरी चार खणांची, मी म्हणे पाच. हातानं काढलं असतं तर चार-पाच खांब ठोकून दिले असते. इथे आकडा लिहायचा होता. अक्काला फोन केला. ती म्हणाली, ‘‘पाच खण. परीक्षेच्या दिवसांत बाबा एकेका खणात एकेकाला अभ्यासाला बसवायचे, बोलू नये म्हणून. आपण पाच भावंडं.’’ प्रश्न मिटला. खण पाच फुटांचा. शून्यापासून २५ पर्यंत पाच-पाच फुटांवर एक खांब, असे सहा. खांबाची उंची सात फूट. मागच्या भिंतीत चार फुटांवर कोनाडा. मधल्या खणात झोपाळा.

डोळा दादानं स्वतःच्या उंचीचा ठेवला, सव्वापाच फूट. चित्र आलं. खांब, तुळई, कोनाडा, सगळं जागच्या जागी. मोजमाप चोख. पण दोघांनाही ते आमचं घर वाटेना. कुणा पाहुण्याच्या घरात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

मी पेशानं बँकवाला, पण चार कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. गोष्ट जमत नसेल तर ती सांगणारा कुठे उभा आहे ते आधी तपासावं, एवढं तिथे शिकलो. ‘‘दादा,’’ मी म्हटलं, ‘‘आपण या ओसरीत सव्वापाच फुटांवरून कधी राहिलो? डोळा खाली घे.’’

त्यानं सव्वापाच खोडलं. बोट बराच वेळ कळांवर थरथरत राहिलं, आणि मग त्यानं तीन लिहिलं. नजर तिथेच, वर, बाबा झोपाळ्यावर बसत त्या उंचीला. मजकुरात बदलला तो एक आकडा. चित्रात सगळं बदललं. खांब उंच झाले आणि माथ्याशी किंचित एकमेकांकडे झुकले. तुळई दूर गेली. आणि कोनाड्याचा तळ दिसेनासा झाला. मघाशी त्यात काय ठेवलंय ते दिसत होतं; आता त्याची वरची कमान तेवढी दिसत होती.

‘‘बरोबर,’’ दादा हळूच म्हणाला. ‘‘बाबा त्यात पेढे ठेवायचे. आपल्याला कधी दिसले नाहीत.’’

तो कागद आता आम्हा पाचही भावंडांच्या घरी आहे. परवा नातीनं मूळ मजकुराची प्रत मला पाठवली, काही बदलायचं असेल तर बदला म्हणून. असिम्प्टोटमध्ये टक्क्याऐवजी दोन तिरक्या रेघा मारायच्या असतात. त्यांच्या पुढचं यंत्र वाचत नाही. दादानं प्रत्येक खांबापुढे त्या मारल्या होत्या. पहिल्या खांबापुढे लिहिलं होतं, ‘जोत्याच्या कडेला, पावसात इथे ओल येते.’ तिसऱ्यापुढे, ‘इथे आई तांदूळ निवडत बसे.’ चौथ्यापुढे, ‘धाकट्याचा खण.’ म्हणजे माझा. आणि डोळ्याच्या ओळीपुढे, जिथे तीन हा आकडा होता, तिथे त्यानं कारण लिहून ठेवलं होतं:

‘इथून दिसतं.’